डाव्या स्पीकरचं कुंकू

आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. माझ्या माहेरी शिलाई मशीन आणि वडिलांची सायकल असायची. इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये मिक्सर, दोन लॅपटॉप, गाडी, केर ओढायचा हूवर आणि नवऱ्याची गाणी ऐकायची हाय-फाय असते. प्रत्येकाला हळदकुंकू, अक्षता आणि बागेतल्या झेंडूचं एक फूल. ऑक्टोबरपर्यंत आमचा झेंडू कसाबसा तग धरून असतो, त्यामुळे फुलं बटणाएवढी असतात, पण यंत्रांनी आजवर तक्रार केलेली नाही. तक्रार केली ती नवऱ्याने, आणि तीही हाय-फायच्या वतीने.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी तो पुढच्या खोलीत सोफ्यावर बसला, गाणं लावलं, आणि थोड्या वेळाने उठून डाव्या स्पीकरसमोर उकिडवा बसला. मग टॉर्च घेऊन ॲम्प्लिफायरच्या मागे डोकं घातलं. मी स्वयंपाकघरात भाजी परतत होते.

"तू इथे कुंकू लावलंस?" आतून आवाज आला.

"दरवर्षी लावते."

"मागेपण? टर्मिनल्सवर?"

"मागे कशाला लावू? पुढेच लावलं. सांडलं असेल चिमूटभर."

"लेफ्ट बसलाय," तो म्हणाला. "आवाज आहे, पण जीव गेलाय त्यातला. कॉन्टॅक्टमध्ये पावडर गेलीये, दुसरं काय?"

अशा रीतीने खापर माझ्या कुंकवावर फुटलं. कापसाच्या काड्या आणि स्पिरिट घेऊन त्याने तारा जोडायची सगळी टर्मिनल्स पुसली. काडीच्या टोकाला खरोखरच थोडा लाल रंग आला, तो त्याने मला पुरावा म्हणून स्वयंपाकघरात आणून दाखवला. मी म्हटलं, बरं झालं, आता साफ झालं ना? तो परत जाऊन बसला. डावी बाजू तशीच होती.

इथे त्याच्या त्या तासाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. माझा नवरा सॉफ्टवेअर तपासतो. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, त्या पुन्हा घडवून दाखवायच्या आणि समोरचा कबूल करेपर्यंत चिवटपणे मागे लागायचं, हे त्याचं काम. त्यात तो वाकबगार आहे, आणि अशा कामाने माणूस जसा होतो तसा झालाही आहे. संध्याकाळी जेवणाआधीचा एक तास मात्र तो गाणी ऐकतो. कधी ख्याल, कधी जुनी नाट्यपदं, कधी मला न कळणारी पियानोची वादनं. त्या तासात कशातही चूक शोधायची नसते. ह्या देशात आलो तेव्हा त्याचं क्रिकेट सुटलं, मित्र पांगले, मराठी वाचणंही कमी झालं, पण हा तास कधी सुटला नाही. त्याची आई गेली आणि तिकिटाचं जमेना म्हणून आम्हाला सगळं फोनच्या पडद्यावर पाहावं लागलं, त्या दिवशीसुद्धा फोन ठेवून तो थेट त्या सोफ्यावर जाऊन बसला. त्या हाय-फायला मी सवत म्हणते. पण ती सवत घरात आहे म्हणून हा माणूस शाबूत आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिचं काही बिघडलं तर माझंही बिघडणार होतं.

तर, तपास सुरू झाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्याच्या धंद्याचा नियम. आधी त्याने दोन्ही स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. मंदपणा ॲम्प्लिफायरमुळे असेल तर तो आता उजवीकडे जायला हवा होता. गेला नाही. मग स्पीकरच उचलून डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवला. तरी मंदपणा डावीकडेच. म्हणजे यंत्रं निर्दोष, दोष खोलीचा. खोलीची डावी भिंत स्वयंपाकघराला लागून आहे. तिच्या पलीकडे फ्रिज आणि बॉयलर, आणि तिथली लाकडी जमीन पाय दिला की जराशी दबते. त्याने डोळे मिटून हे सगळं जुळवलं आणि निकाल दिला की एक तर वीज घाण येतेय, नाहीतर जमीन थरथरतेय. माझं कुंकू निर्दोष सुटलं, पण माफी वगैरे कोणी मागितली नाही.

विजेचं नाव निघाल्यावर लंडनमधल्या ईलिंगचा मित्र येणं क्रमप्राप्तच होतं. हा ह्याचा पुण्यातला हॉस्टेलचा मित्र, आता बँकेत मोठ्या हुद्द्यावर. शनिवारी तो आला तो केबिन बॅग ओढत. मला वाटलं राहायला आलाय, म्हणून मी वरच्या खोलीत चादर बदलून आले. बॅगेत नुसत्या विजेच्या केबल होत्या, प्रत्येक वेगळ्या मखमली पिशवीत, माझ्या आईची चांदीची भांडी असायची तशी.

"वहिनी, ही बघा," एक काळी, पाण्याच्या पाइपाएवढी जाड केबल हातावर घेऊन तो म्हणाला. "ॲम्पबरोबर जी येते ना, ती केटल लीड. केटलला ठीक आहे. पण तुम्ही एवढं चांगलं ॲम्प घेता आणि त्याला केटल लीड लावता, दॅट्स क्रिमिनल, ऑनेस्टली."

"पण वीज तर बाहेरून साध्याच तारेतून येते ना? रस्त्याखालून, भिंतीतून? तुमची केबल शेवटचे चार हात."

"तुमच्या बाजूने लास्ट. ॲम्पच्या बाजूने बघा ना, हीच फर्स्ट!"

 मी पोहे आणायला आत गेले. नवऱ्याने त्याला सोफ्यावर आपल्या जागेवर बसवलं, आणि गाणं लावायच्या आधीच सांगून टाकलं, "लेफ्ट डल आहे, ऐक." मित्राने डोळे मिटले, मान हलवली, आणि म्हणाला, "हो रे. डेफिनिटली. पडदा आलाय एक आवाजावर." मी दारात प्लेट घेऊन उभी होते. मला दोन्ही बाजूंनी सारखंच ऐकू येत होतं आणि मी तसं म्हणालेही. नवरा म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं." मी प्लेट टेबलावर जरा जोरातच ठेवली. एरवी मी असल्या वाक्याचा सूड दोन दिवस घेते, पण पाहुण्यासमोर नको म्हणून गप्प बसले. आज वाटतं की त्या दुपारी त्या खोलीत खरं ऐकणारी मी एकटीच होते. एकजण सांगितलेलं ऐकत होता. दुसऱ्याचं पुढे सांगते.

जाड केबल लागली. ती इतकी ताठ होती की ॲम्प्लिफायरचा मागचा भाग किंचित उचलला गेला. मित्र "वाह" म्हणाला. नवऱ्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. मित्र गेल्यावर त्याने गावाबाहेरच्या एका दुकानातून आणखी काही केबल आठवडाभर वापरून बघायला आणल्या, आणि मला कामाला लावलं. तो पाठमोरा उभा राहायचा, मी मागे वाकून केबल बदलायची, कुठली लावली ते सांगायचं नाही, आणि तो बसून ऐकायचा. मी कौन्सिलच्या ऑफिसातून दमून आलेली असायचे, कणीक तिंबायची बाकी असायची, आणि मी एका ॲम्प्लिफायरच्या बुडाशी गुडघे टेकून असायचे. पण ह्या माणसाची एक गोष्ट मला मान्य करावी लागते, तो स्वतःला फसवत नाही. आठवडा संपला तेव्हा म्हणाला, "मला फरक सांगता येत नाहीये. टेस्ट फेल." सगळ्या केबल पिशव्यांत घालून परत गेल्या आणि ॲम्प्लिफायरला पुन्हा आपली जुनी केटलची वायर लागली. मित्राला हे कळलं तेव्हा तो दोन दिवस व्हॉट्सॲपवर आला नाही.

उरली जमीन. तिच्यासाठी पाय घ्यायचे होते. म्हणजे स्पीकरच्या आणि ॲम्प्लिफायरच्या खाली ठेवायचे रबरी पाय, थरथर गिळून टाकणारे. त्यात मऊ, मध्यम आणि कडक असे प्रकार. वरचं वजन किती त्यावरून निवडायचे. फार मऊ घेतले तर चेपून जातात, फार कडक घेतले तर असून नसल्यासारखे. म्हणून वजन करणं आलं. एका रविवारी सकाळी हा स्पीकरला मिठी मारून बाथरूमच्या वजनकाट्यावर उभा, आकडा त्याला दिसेना, म्हणून मी खाली वाकून वाचतेय, असं दृश्य आमच्या घरात घडलं. नंतर त्याचं स्वतःचं वजन त्यातून वजा करायचं होतं. ते त्याने मला बाहेर काढून, दार लावून घेतल्यावर केलं.

पाय आले. जांभळट रंगाचे, अर्ध्या लाडवासारखे. स्पीकरखालचे टोकदार खिळे काढून ते बसवले, आणि पहिल्यांदाच खरोखर काहीतरी झालं. खर्जातला आवाज गोळीबंद झाला, आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात तबल्याबरोबर किणकिणणारे माझे ग्लास गप्प झाले. मीच आतून ओरडून सांगितलं, "अरे, फरक पडला!" तो खूश झाला. दोन दिवस त्याचा चेहरा उजळलेला होता. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर तो पुन्हा डाव्या स्पीकरकडे, आजारी माणसाकडे बघावं तसा, बघत बसला होता.

जास्तीचे पाय उरले होते. ते मी माझ्या मिक्सरखाली लावले. हा मिक्सर आम्ही पुण्याहून आणलेला, चटणी वाटताना ओट्यावरून चालत चालत थेट सिंकपर्यंत जायचा, त्याला एका हाताने धरून ठेवावं लागायचं. आता तो जागच्या जागी घुमायला लागला. त्या दोन-अडीच महिन्यांच्या संशोधनातून एवढा एकच फायदा सर्वांसमक्ष सिद्ध झाला, आणि तो माझ्या शेंगदाण्याच्या चटणीला झाला.

ख्रिसमसला मुलगी लीड्सहून घरी आली. जेवण झाल्यावर आम्ही तिघं रेडवेवर फिरायला निघालो. ह्या लाल डांबराच्या वाटा गावभर आहेत, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी एकच. मधोमध नवरा, त्याच्या उजवीकडे मुलगी, आणि डावीकडे मी. मी नेहमीच त्याच्या डावीकडे असते. चालताना, सोफ्यावर, झोपताना, लग्नापासून. मागून सायकलची घंटा वाजली, माझ्या बाजूने. मी गवतावर सरकले. नवऱ्यानेही घंटा ऐकली. ऐकून तो डावीकडे सरकला, मी मोकळ्या केलेल्या जागेत, नेमका सायकलच्या वाटेत. सायकलवाल्याने कचकन ब्रेक लावला. सॉरी-सॉरी झालं, तो गेला. नवरा सायकलवाल्यालाच नावं ठेवत पुढे चालू लागला.

मुलगी माझ्याजवळ येऊन आपल्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणाली, "आई, बाबा उलटा का गेला? बेल तर ह्या साइडनी आला ना?"

"लक्ष नसेल त्याचं," मी म्हटलं.

पण मी तेव्हाच ओळखलं. त्याला ती घंटा उजवीकडून आल्यासारखी वाटली होती, कारण त्याच्या डाव्या कानाने ती ऐकलीच नव्हती. घरी येईपर्यंत मला एकेक आठवत गेलं. फोन तो हल्ली उजव्या कानाला लावतो. हॉटेलात गेलो की कोपऱ्यातली खुर्ची पकडतो, डाव्या बाजूला भिंत येईल अशी. आणि मी. मी सोफ्यावर त्याच्या डावीकडे बसून दिवसभराचं काहीबाही सांगायचे, ऑफिसातलं, पुण्याच्या बहिणीचं, आज भाजी काय करायची ते, आणि तो म्हणायचा, "हं." फक्त हं. गाणं चालू असताना बोलायचं नाही हा त्याचा नियमच होता, त्यामुळे मी धरून चालले होते की हा नियम आता त्याने गाणं बंद असतानाही लावलाय. ह्याला माझ्या बोलण्यात रस उरलेला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की असंच होत असेल. मी त्याबद्दल बहिणीजवळ रडलेही होते. आणि तो बिचारा कधीपासून माझं अर्धंच ऐकत होता, आणि अर्ध्यावर हं म्हणत होता. मला इतकं वाईट वाटलं की त्या रात्री पोळ्या करताना दोन करपल्या.

पण त्याला सांगायचं कसं? दुसरं काही असतं तर मी तोंडावर सांगितलं असतं, मी काही भिडस्त बाई नाही. पण हा त्याचा कान होता. ज्या एका तासावर हा उभा आहे, तो तास त्या कानांतून आत येतो. स्पीकर बिघडला तर नवा येईल. म्हणूनच तो इतक्या चिकाटीने स्पीकरच्या, विजेच्या, जमिनीच्या मागे लागला होता, असं मला वाटायला लागलं. त्याच्यासारख्या माणसाला हे सुचलंच नसेल? की सुचलं होतं, आणि म्हणूनच तो आधी बाकी सगळं बदलून बघत होता? मी रोज सकाळी ठरवायचे, आज बोलते. आणि रोज संध्याकाळी तो स्पीकरकडे बघत बसलेला दिसला की शब्द गिळायचे.

मग संक्रांत आली. मी दरवर्षी जवळपासच्या मराठी बायकांना हळदीकुंकवाला बोलावते. आमची पुढची खोली लहान. म्हणून सोफा उचलून खिडकीच्या दिशेला तोंड करून फिरवते, म्हणजे मागे पाटाला आणि सतरंजीला जागा होते. त्या शनिवारी नवरा बायकांच्या तावडीतून सुटायला गाडी घेऊन निघून गेला होता. तिळगूळ झाला, वाण म्हणून मी दिलेल्या स्टीलच्या गाळण्यांचं कौतुक झालं, एकमेकींच्या साड्यांचे भाव झाले. निघताना एक मैत्रीण म्हणाली, "चल, सोफा पुन्हा फिरवून देते, तुला एकटीला जमणार नाही."

मी म्हटलं, "राहू दे."

ती गेली. मी सतरंजी गुंडाळली, हूवर फिरवला, आणि सोफा तसाच ठेवला. खिडकीकडे तोंड, स्पीकरांकडे पाठ.  मला बोलायला जमत नव्हतं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे तोच तर मला इतकी वर्षं शिकवत आला होता.

तो आला. "हे काय, सोफा उलटा?" म्हणाला.

"पाठ भरलीये माझी, नंतर फिरवू. बस आज असाच."

कुरकुरत त्याने गाणं लावलं आणि बसला. मी दारातच, भिंतीला टेकून उभी राहिले. यमनचा आलाप सुरू झाला. थोड्या वेळाने तो मान न वळवता म्हणाला, "गंमत बघ. लेफ्ट एकदम सुधारला. आता राइट बसलाय."

 मला पाठीमागून फक्त त्याच्या टकलाचा चंद्र दिसत होता. तो उठला, सोफ्याच्या मागच्या बाजूला, स्पीकरांकडे तोंड करून उभा राहिला. मग खिडकीकडे तोंड करून. मग परत स्पीकरांकडे. मंदपणा त्याच्याबरोबर फिरत होता. शेवटी त्याने उजवा हात उचलला, उजवा कान तळव्याने घट्ट झाकला, आणि तसाच बराच वेळ उभा राहिला. आलाप संपून बंदिश सुरू झाली होती. त्याने हात खाली घेतला आणि गाणं बंद केलं.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"ख्रिसमसपासून."

"सोफा तू मुद्दाम ठेवलास तसा?"

मी मान हलवली. तो चिडेल म्हणून मी तयारीत होते. तो चिडला नाही. "चांगली टेस्ट होती," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. माझ्या नवऱ्याला मी त्याची आई गेली त्यानंतर पहिल्यांदाच रडताना पाहिलं. मी त्याच्याजवळ गेले, त्याच्या उजवीकडून.

पुढचं सगळं सरकारी वेगाने झालं. आधी जीपी, म्हणजे आमचे नेहमीचे डॉक्टर, मग हॉस्पिटलातली कानाची तपासणी. एकाच बाजूचं असल्यामुळे मेंदूचा स्कॅनही काढला, आणि त्याचा निकाल येईपर्यंतचे दिवस मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे सांगत नाही. वाईट काही निघालं नाही. नस दुबळी झालीये, हळूहळू झालं असावं, परत येणार नाही, असं ऑडिऑलॉजिस्ट बाईंनी नीट समजावून सांगितलं, आणि एक करड्या रंगाचं श्रवणयंत्र कानामागे बसवून दिलं.

गाडीत बसल्या बसल्या त्याने ते काढलं. "मटाराएवढा स्पीकर आहे ह्यात," तो म्हणाला. "मी आयुष्यभर इतकं सांभाळून निवडलं सगळं, आणि आता ह्यातून ऐकू? पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं."

 मी समजावलं, विनवलं, चिडले, बहिणीकडून फोन करवला. यंत्र जुन्या केबलच्या खणात जाऊन पडलं. संध्याकाळचा तासही बंद पडला. सोफा मी पुन्हा सरळ केला होता, पण तो जेवणापर्यंत वरच्या खोलीत फोनवर बातम्या बघत बसायचा. मला घरातली ती शांतता खायला उठायची. सवतीची आठवण येईल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मी तेवढी जागा बदलली, जेवताना, चालताना, गाडीखेरीज सगळीकडे त्याच्या उजवीकडे यायला लागले. तिकडून बोललं की त्याला ऐकू यायचं. पण जन्मभराची सवय, मला रस्त्याने चालताना कोणा परक्याबरोबर चालल्यासारखं वाटायचं.

असा उन्हाळा गेला आणि पुन्हा दसरा आला. मी सकाळी यंत्रं मांडली. मिक्सर, लॅपटॉप, हूवर. हाय-फायला जागेवरच पूजायचं. तिच्यावर धूळ बसली होती, ती पुसली. ताटात कुंकू कालवत होते तेवढ्यात तो जिन्यावरून खाली आला आणि मिक्सर आणि लॅपटॉपच्या मध्ये कागदी रुमालाची घडी ठेवली. घडीवर ते श्रवणयंत्र होतं.

मी बोट कुंकवात बुडवून थांबले. "ह्याला लावू?"

"लाव. यंत्रच आहे ना." मग म्हणाला, "जपून हं. ह्याला बारीक भोक आहे."

"म्हणजे उद्या नाही वाजलं की पुन्हा माझं कुंकू!"

तो हसला. कित्येक महिन्यांनी हसला. मी यंत्राला न लावता रुमालाच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट टेकलं, आणि अख्खं फूल त्याच्यावर मावेना म्हणून झेंडूची एक पाकळी ठेवली. आरती झाली. त्याने पाकळी उचलून बाजूला ठेवली आणि यंत्र कानात घातलं. ते बारीक शिट्टी वाजवून गप्प झालं. त्याने तोंड वाकडं केलं, पण काढलं नाही. पुढच्या खोलीत जाऊन ॲम्प्लिफायर चालू केला, तोच, केटलच्या वायरवरचा. आणि सोफ्यावर बसला.

मी हात पुसत गेले आणि नव्या सवयीने त्याच्या उजवीकडे बसले.

"तिकडे नको," तो म्हणाला. "इकडे ये. डावीकडे."

मी उठून डावीकडे बसले. सकाळ असूनही त्याने यमनच लावला होता. त्याने डोळे मिटले. "पत्र्यासारखंच वाजतंय," म्हणाला. "पण आहे. दोन्हीकडे आहे." आणि थोड्या वेळाने, "बोल काहीतरी."

वर्षभर साठवलेलं इतकं होतं, की त्या क्षणी त्यातलं एकही सुचेना. स्वयंपाकघरात नळाला दही टांगून केलेलं श्रीखंड झाकून ठेवलं होतं, तेच आठवलं.

"श्रीखंड पातळ झालंय," मी नेहमीच्याच आवाजात म्हटलं.

"होणारच," तो डोळे न उघडता म्हणाला. "रात्रभर टांगायचं असतं, तू सकाळी टांगलंस. मी बघितलं."

"रात्रीच टांगलं होतं! दहीच पाणचट निघालं, तूच आणलंस ते."

"मी लेबल बघून आणलं होतं."

गाणं चालू असताना बोलायचं नाही हा नियम त्याचा. तरी बंदिश संपेपर्यंत आम्ही दह्यावरून भांडलो, आणि एकदाही तो हं म्हणाला नाही.